काल सकाळी सहा

सबनीसांनी मेल पाठवण्याची वेळ भरली : काल, सकाळी सहा. पडद्यावर उत्तर उमटलं, 'या आठवड्याची आपली मागील तारीख वापरून झाली आहे.'

ती त्यांनी सोमवारी वापरली होती, तिमाही अहवाल वेळेत पोचवायला. मेल कालच्या दिवसात पाठवता येऊ लागल्यापासून या ऑफिसातून एकही कागद उशिरा गेला नव्हता, आणि वेळेवर काम मात्र कुणीच करत नव्हतं.

"बोरकरबाई, तुमची तारीख शिल्लक आहे?"

"आहे, पण ऑडिटच्या उत्तरासाठी राखलीय हो. साहेब खातील मला."

"बायको आयसीयूत आहे. काल बाथरूममध्ये गीझरचा गॅस कोंडला. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस निघणं कठीण."

"अहो, मग आधी नाही का बोलायचं! घ्या." बाईंनी आपली तारीख त्यांच्या नावावर वळवली.

सबनीसांनी पुन्हा कालची सकाळी सहाची वेळ भरली आणि लिहिलं, 'मृदुला, गीझर लावू नकोस. जिवाला धोका आहे. ऐक माझं.' मेल गेला.

लगेच तिचं उत्तर दिसलं. त्यावर वेळ होती काल सकाळी सहा वाजून चार मिनिटं.

'तू इथे शेजारी घोरतोयस, म्हणजे हा मेल उद्याचा. गीझरवाल्याला बोलवायचं पुन्हा विसरलास, आणि आता "मी कळवलं होतं" म्हणायची सोय करतोयस ना? तुझे असले मेल काय आज बघतेय मी? चल, आंघोळीला जाते.'