बत्तिसावी चिठ्ठी

वर्गात पोरं एकतीस आणि डब्यात चिठ्ठ्या बत्तीस. मास्तरांनी पुन्हा मोजल्या. बत्तीसच.

“कुणीतरी हावरटासारख्या दोन टाकल्यात,” ते म्हणाले, आणि दहावीचा वर्ग हसला.

वयात येण्याच्या तासाला मास्तरांचा नियमच होता. प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तर कोरी टाकायची. लिहायचं मात्र उलट्या हाताने, म्हणजे अक्षरावरून कुणाची टर उडायला नको. बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा शुक्रवारी मास्तरांबरोबर घरी यायचा, जेवणाच्या टेबलावर पडून राहायचा आणि शनिवारी सकाळी सगळ्यांसमोर उघडायचा.

पिंपल्स, घोगरा आवाज, पाळीतली पोटदुखी. मास्तर भराभर उत्तरं देत गेले. मग ती चिठ्ठी हाती आली.

“लग्न झाल्यावर बाईला नाही म्हणता येतं का?”

मास्तरांनी ती पुन्हा एकदा मोठ्याने वाचली.

शेवटच्या बाकावरचा टग्या उठला. हाच पठ्ठ्या वर्षापूर्वी म्हणाला होता, मुली नाही म्हणतात तेव्हा त्यांना हो म्हणायचं असतं. आता म्हणाला, “सर, यात विचारायचं काय? नाही म्हणजे नाही. लग्न म्हणजे काय कोऱ्या कागदावरची सही आहे?”

कुणीही खिदळलं नाही. दोन-तीन मुलींनी मागे वळून त्याच्याकडे नीट पाहिलं. मास्तरांना भरून आलं. वर्षभर केलेली डोकेफोड कुठेतरी लागली होती.

“शंभर टक्के नाही म्हणता येतं,” ते ठासून म्हणाले. “आणि नवऱ्याने ते ऐकायलाच हवं.”

तेवढ्यात त्यांची नजर दुसऱ्या बाकावरच्या मुलीकडे गेली. मान खाली, कान लाल. गेल्या आठवड्यात ती चार दिवस शाळेत नव्हती. घरी पाहुणे आलेत, असं मैत्रिणीने सांगितलं होतं. बाप चपलांचा दुकानदार, तापट माणूस. पाहुणे कसले असणार? मास्तरांनी दोनात दोन मिळवले आणि त्यांचं डोकंच फिरलं. अरे, सोळा वर्षांची पोर ती!

दुपारी घरी आले तरी त्यांचा पाय ठरेना. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

“अहो, बसा तरी.”

“बसू कसा? तिकडे पोरीच्या आयुष्याचं वाटोळं होतंय!” त्यांनी पंखा मोठा केला.

“नको, गार लागतंय मला.”

“काही होत नाही गं,” मास्तर म्हणाले आणि सगळी हकिकत सांगू लागले.

ती ऐकत होती. एकाच टॉवेलची तिने तीनदा घडी घातली.

“मुलं काय म्हणाली?” तिने विचारलं.

त्यांनी टग्याचं सांगितलं.

“आणि तुम्ही?”

“मी? मी ठणकावून सांगितलं, नवऱ्याने ऐकायलाच हवं म्हणून. माझ्याच वर्गातली पोर आहे, मी गप्प बसेन होय? चल, ऊठ. तिच्या बापाला चार शब्द सुनावून येऊ. बाईमाणूस बरोबर असलेलं बरं.”

“मी नको.”

“नको काय? चल म्हटलं ना.” त्यांनी चपला घातल्यासुद्धा. “नाही ऐकलं तर सरळ पोलिसांत जातो. होऊ दे तमाशा.”

बायको उठली आणि दारात आडवी उभी राहिली.

“त्या पोरीच्या घरी जाऊ नका. नाहक बोभाटा होईल तिचा. बाप शाळेतूनच काढेल तिला.”

“बाजूला हो. तुला काय कळतंय यातलं?”

“चिठ्ठी तिची नाही.”

“मग कुणाची? कुणाचं लग्न लावून देतायत, ते तरी सांग!”

“तिचं लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली,” ती म्हणाली. “तुमच्याशी.”