सोळा वेळा ‘अजिबात नाही’

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सकाळी साडेनऊला सांगितलं. वायरमन तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिचा चष्मा पुसत बसला होता. बाथरूममध्ये पडून तिचं मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, ती उशीला टेकून बसायलाही लागली. मग छातीत कफ भरला आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. डॉक्टर आणखी एक बोलले. पडल्या पडल्या उचललं असतं तर शरीर इतकं खचलं नसतं. या वयात दोन तास ओल्या फरशीवर म्हणजे फार झालं.

लेकीने तिथेच विचारलं. “बाबा, तुम्ही शेजारच्याच खोलीत होतात ना? आईला विचारलं तर ती विषयच बदलायची. तिनं हाक नाही मारली?”

“शुद्ध नव्हती तिला,” तो म्हणाला.

हे खोटं होतं. त्याने बाथरूमचं दार ढकललं तेव्हा ती टक्क जागी होती. एका कुशीवर पडून नळाकडे बघत होती. “आलेच, उठतेच आहे,” म्हणाली. जेवायला वाढायला उशीर झाला की म्हणायची, अगदी तसंच. त्या सकाळी तो पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. ती इतका वेळ बाथरूममध्ये आहे म्हणजे आज चादरी धुवायला काढल्या असतील असं समजून त्याने चौकशी केली नाही. पण घरात रेडिओसुद्धा चालू नव्हता. तिने नुसतं ‘अहो’ म्हटलं असतं तरी ऐकू आलं असतं. तिने ते का म्हटलं नाही, हे त्याला काही केल्या कळेना.

छत्तीस वर्षं तो विजेच्या खांबांवर चढला होता. पट्टा न बांधता चढायचा आणि ते सांगायचाही. दोन वर्षांपूर्वी बायको जिन्यात घसरली. लागलं नाही, पण तेव्हापासून ती भिंतीला हात लावून चालायला लागली. त्याने तिचं नाव डुगडुगराणी ठेवलं. घरी कोणी आलं की ठरलेलं वाक्य असायचं, की आम्ही तारेला लोंबकळलो आणि आमच्या हिला सपाट जमिनीवर घाम फुटतो. एकदा लेकीच्या सासरच्या माणसांसमोर त्याने तिची चाल करून दाखवली. खुर्ची, दार, कपाट, एकेक धरत तो खोलीभर फिरला. सगळे पोट धरून हसले. तीही हसली. त्यानंतर ती कोणाकडे गेली नाही. गुडघे दुखतात म्हणायची.

गेल्या वर्षी दवाखान्यातून फिजिओथेरपीवाली मुलगी आली होती. म्हाताऱ्या माणसांना पडण्याची किती भीती वाटते, हे ती घरोघर जाऊन तपासायची. सोळा प्रश्न होते. आंघोळ करताना, जिना उतरताना, वरच्या फळीवरचं काही काढताना, ओल्या जमिनीवर चालताना पडायची भीती वाटते का? अजिबात नाही, थोडी, बरीच की खूप? बायको प्रत्येक प्रश्नाला आधी त्याच्याकडे बघायची आणि नखाने टेबलाची कड खरवडायची. तिसऱ्या प्रश्नापासून त्यानेच उत्तरं द्यायला सुरुवात केली.

“अजिबात नाही. लिहा तुम्ही. वायरमनची बायको आहे ती.”

आधीच्या दोन प्रश्नांनाही त्याने तेच लिहायला लावलं. मग त्या मुलीला बायकोचं चालणं बघायचं होतं. खोली लहान पडते म्हणून ती तिला बाहेरच्या पॅसेजमध्ये घेऊन गेली. तो घरातच बसला. पुढे त्या मुलीचा दोनदा फोन आला. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घ्या, आणि मला एकदा फक्त काकूंशी बोलायचंय, असं ती म्हणत होती. भिंतीला भोकं पाडायची काही गरज नाही, आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं सांगून त्याने फोन ठेवला. दोन्ही वेळा.

बायको गेल्यावर दीड महिन्याने तीच मुलगी पुन्हा आली. या वेळी त्याला तपासायला. बाबा आता एकटे राहतात म्हणून लेकीने तिच्याकडे आग्रह धरला होता. तिने तेच प्रश्न वाचायला घेतले. जिन्याच्या प्रश्नाला तो ‘थोडी’ म्हणाला. आंघोळीच्या प्रश्नाला ‘बरीच’ म्हणाला. सहाव्या प्रश्नाला त्याने विचारलं, की आमच्या हिचा कागद आहे का त्या फायलीत?

“काका, राहू दे ना,” ती म्हणाली.

त्याने हात पुढे केला तो मागे घेतला नाही.

कागदावर सोळा खुणा होत्या, सगळ्या एकाच रांगेत. त्याने कागद उलटला. मागे त्या मुलीच्या अक्षरात पुन्हा सोळा उत्तरं होती. पॅसेजमध्ये तिने सगळे प्रश्न परत विचारले होते. चौदा प्रश्नांपुढे ‘खूप’ लिहिलं होतं. खाली बायकोचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं:

‘पडायचं एवढं काही नाही गं. पडले की हे हसतील, त्याची भीती वाटते.’

त्याने ते दोनदा वाचलं. मुलगी खाली बघून म्हणाली, की मी तुमच्या फोनवर विसंबायला नको होतं, तुम्हाला न विचारता यायला हवं होतं. ते दोन तास त्याच्या डोळ्यांपुढे आले. ती एका कुशीवर पडलेली. भिंतीपलीकडे त्याचा खोकला, पेपरची पानं उलटल्याचा आवाज तिला ऐकू येत असणार. आणि ती आवाज न करता उठायचा प्रयत्न करत असणार. त्याला कळायच्या आत.

त्याने कागद परत दिला आणि पुढचं विचारा म्हणाला. तिने सातवा प्रश्न वाचला.

लेक दर रविवारी फोन करते. आईला शुद्ध नव्हती ते एका परीनं बरंच झालं, तिला काही कळलं नसेल, असं म्हणते. तो हं म्हणतो. तिला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.