गुरुवारची चौकट

“बाह्या वर कर,” थोरली म्हणाली.

धाकटीने मुकाट्याने बाह्या वर केल्या. थोरलीने तिचे दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरून मनगटापासून दंडापर्यंत पाहिले. मग मान पाहिली, मग पाठ. आज डाव्या अंगठ्यावर मसुराएवढा फोड होता. चहा करताना भाजलं, असं धाकटी म्हणाली. थोरलीला ते पटलं नाही. हिला गॅसजवळ जाऊ दिलंच कोणी? आणि इथली पगारी बाई तेव्हा काय करत होती?

थोरली कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. एक टाका सुटलेला शर्टसुद्धा तिच्या टेबलावरून पुढे सरकत नसे. हिला देव भेटला तरी आधी त्याच्या सदऱ्याची उसवण दिसेल, असं सोबतच्या बायका म्हणायच्या. पण सगळ्यात मोठी चूक तिच्याच नजरेतून निसटली होती. मनोरुग्णांच्या आधीच्या संस्थेत धाकटी आठ महिने होती. भर उन्हाळ्यात ती लांब बाह्या घालून बसायची आणि थोरलीला वाटायचं, औषधांमुळे थंडी वाजत असेल. त्या बाह्यांखाली काय होतं ते कळलं त्या दिवसापासून तिने स्वतःला माफ केलं नव्हतं.

तिने बहिणीला घरी आणलं. पण कारखाना आठ ते सहा, त्यामुळे दिवसभर बाहेरून कुलूप घालून जावं लागे. वर्षभर तसं रेटलं. शेवटी डॉक्टरांनीच हे घर सुचवलं. इथे सहा बायका राहत होत्या. प्रत्येकीला वेगळी खोली आणि दाराला आतून कडी होती. गोळ्यांची आठवण करायला आणि अडलं तर हात द्यायला एक बाई कायम हजर असे.

त्याला आता चार महिने होऊन गेले होते. थोरलीची सुट्टी गुरुवारी. निर्यातीच्या मालाच्या घाईत सुट्टी रद्द झाली ते दोन आठवडे सोडले तर तिने एकही गुरुवार चुकवला नव्हता. ती यायची आणि डोळ्यांत तेल घालून तपासायची. गादी उलटी करायची, गोळ्या मोजायची, जीभ वर करायला लावायची, कपाटातले कपडे काढून नव्याने घड्या घालायची. कोणी ओरडतं का, कोणाची भीती वाटते का, हे निघेपर्यंत दहा वेळा विचारायची. धाकटी नुसती नकारार्थी मान हलवायची. इथे सगळं जरा जास्तच चांगलं होतं. आणि जिथे दोष सापडत नाही तिथे नक्की पाणी मुरतंय, हे थोरलीचं वीस वर्षांच्या नोकरीतलं ज्ञान होतं.

तक्रारीचा अर्ज पर्समध्ये तयारच होता. फक्त कारणाची जागा कोरी होती. कारण मिळालं की बहिणीला आजच्या आज घरी न्यायचं, कुलूप तर कुलूप, असं ती ठरवून आली होती.

आज धाकटीच्या चार महिन्यांचा आढावा होता. एरवी गुरुवारी सुट्टी घेणाऱ्या प्रमुख बाई त्यासाठी मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी दोघींना ऑफिसात बसवलं आणि टेबलावर तक्ते मांडले. या घराची एक रीत होती. प्रत्येक बाईने झोपण्याआधी त्या दिवसाची चौकट आपल्या हाताने रंगवायची. बरा दिवस हिरवा, मधला पिवळा, वाईट काळा. का म्हणून कोणी विचारायचं नाही. तिच्या संमतीशिवाय घरच्यांना दाखवायचंही नाही. आज धाकटीने आपणहून दाखवा म्हटलं होतं.

थोरलीचं बोट तक्त्यावरून सवयीने खाली सरकत गेलं. आठवडाभर हिरवं, पिवळं, पुन्हा हिरवं. एका उभ्या रांगेत मात्र काळ्या चौकटीखाली काळी चौकट. गुरुवार. सतरा गुरुवारांतले पंधरा काळे होते. रंग इतका दाबून भरलेला की दोन ठिकाणी कागद फाटला होता.

पुन्हा तेच, आणि पुन्हा आपल्या नाकाखाली. मग तिला बाहेर चाव्यांचा खुळखुळाट ऐकू आला आणि सगळा उलगडा झाला. गुरुवारी प्रमुख बाईंच्या जागी बदलीवर येणारी ती आडव्या अंगाची बाई. आवाज हा एवढा मोठा, कमरेला जुडगा. पहिल्या दिवसापासून ती थोरलीच्या मनातून उतरलेली होती.

थोरलीने अर्ज काढून टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपण उघडलं. हे दोन गुरुवार हिरवे आहेत ना, तेव्हा तुमची ती बदलीची बाई रजेवर असणार, ती म्हणाली. वाटलं तर लिहून देते.

प्रमुख बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि तिच्याकडे फिरवलं. दोन्ही दिवशी बदलीच्या बाईची सही होती, येतानाची आणि जातानाचीही. स्वयंपाकाची बाई हजर, झाडणारी हजर, बाकीच्या पाच बायकाही घरातच. थोरलीने पान उजेडात धरलं. कुठे खाडाखोड नव्हती.

“मग या दोन दिवशी इथे नव्हतं तरी कोण?” तिचा आवाज चढला.

प्रमुख बाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी वर केलेल्या बाह्या खाली ओढून एकेक बटण लावत होती. शेवटचं बटण लागल्यावर तिने मान वर केली.

“तू नव्हतीस, ताई.”