आठ भोकांचं काम

“भिंत की लाकूड?” अलिबागच्या दुकानातल्या विक्रेत्याने अनीशला विचारलं.

“लाकूड,” उत्तर अनीशच्या वडिलांनी, भाऊंनी दिलं. “फणसाची चौकट, सागाचं दार. आठ भोकं. बास.”

विक्रेत्याने भाऊंच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो काउंटरवर ठेवलेला असूनही थरथरत होता. मग त्याने एक दांडगं ड्रिल अनीशपुढेच सरकवलं. “हा घ्या सर, हॅमरवाला. दोन बॅटऱ्या, वर पन्नास बिट फ्री. एक नंबर पीस आहे.”

भाऊंना हसू आलं. चौतीस वर्षं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलेल्या माणसाला हे फुकटच्या बिटांचं आमिष दाखवतायत! “हॅमर भिंतीला लागतो. आम्हांला भिंत पाडायची नाहीये,” ते म्हणाले. “वर्षातून दोनदा हातात घ्यायच्या वस्तूला दोन बॅटऱ्या कशाला? ते कोपऱ्यातलं लहान दाखव. बारा व्होल्टचं.”

लहान ड्रिल हलकं होतं, भाऊंच्या मुठीत बसलं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि दुकानातल्या फळीवर एक भोक पाडलं. सरळ, स्वच्छ.

“हेच द्या,” अनीश म्हणाला. “चालवणार भाऊच. आमच्या घरात सुताराचा हात त्यांचाच आहे.”

भाऊंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. किहीमच्या घरात पैसे घेऊन पाहुणे ठेवायला लागल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. खोल्यांचे रंग सुनेने, क्षिप्राने ठरवले, माडांना झोपाळे अनीशने टांगले, आणि बागेचे मालक भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला गोष्टी सांगत बसले. गेल्या महिन्यात गोष्टीच्या भरात त्यांच्या हातातला चहा पुण्याच्या एका बाईंच्या मांडीवर सांडला. बाईंनी घरी जाऊन मोबाइलवर लांबलचक काहीतरी लिहिलं. भाऊंनी चारचारदा माफी मागितली होती, पण ती काही त्या लिहिण्यात आली नाही. तेव्हापासून सूनबाई कामापुरतंच बोलत होती. आणि आज मुलगा आपण होऊन म्हणाला होता, भाऊ, मागच्या पडवीतल्या नारळांच्या खोलीला बाहेरून कडी बसवायचीय, तुमच्याशिवाय कोणाला जमणार? एवढ्यावर म्हातारा गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसला होता.

“वानरांसाठी ना रे कडी?” परतताना त्यांनी विचारलं.

“हं,” अनीश म्हणाला. तो रस्त्याकडे बघत होता.

“मग कुलपाचा कान असलेली घेतलीस ते बरं केलंस. हल्ली नुसती कडी ती उघडतात.”

कामाला भाऊंनी दोन दिवस घेतले. काटकोनाचा गुण्या लावून रेघ मारली. भोक दाराच्या आरपार जाऊ नये म्हणून बिटला मापाने चिकटपट्टी गुंडाळली. स्क्रूचं टोक आतल्या बाजूला आलं की ते काम गवंड्याचं, सुताराचं नव्हे, असं ते वर्गात म्हणत. दर भोकामागे हात थरथरला, दर भोकाला त्यांनी मनगट धरलं. शेवटी कडीला खोबरेल लावलं. पाहुण्यांची झोपमोड नको.

क्षिप्रा बघायला आली. तिने कडी सरकवली. आवाज नाही. दार ओढून पाहिलं. हलेना.

“छान बसलीय, भाऊ,” ती म्हणाली. महिन्याभराने तिच्या तोंडून आलेला हा पहिला बरा शब्द. भाऊंचे डोळे भरून आले.

“ड्रिल असंच टाकून ठेवू नकोस हो,” ते गडबडीने म्हणाले. “नुसती पडून राहिली तर बॅटरी मरते. महिन्यातून एकदा बाहेर काढायचं, जरा फिरवायचं.”

शनिवारी दुपारी चारला पाहुण्यांची गाडी फाटकाशी वाजली. भाऊ धुतलेला सदरा घालून तयार होते. आज चहाचा कप हातात घ्यायचाच नाही, लांबूनच बोलायचं, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

“भाऊ,” अनीश घाईने आला, “मागच्या खोलीत आतली फळी हलतेय वाटतं. ड्रिल घेऊन जरा बघता?”

“आत्ता?”

“तुम्हीच बघा. दुसऱ्या कोणाला कळणार नाही.”

भाऊ ड्रिलचा खोका घेऊन गेले. पाहुण्यांचं काय, ते दोन दिवस आहेत. खोलीत पाऊल टाकलं तर नारळ एका कोपऱ्यात सारलेले. खिडकीखाली खाट. खाटेवर त्यांची उशी, त्यांची गोधडी. फळीवर गोळ्यांचा डबा, पाण्याची भरलेली बाटली, केळी. दुसऱ्या कोपऱ्यात झाकणाची बादली.

फळी हलत नव्हती.

त्यांनी वळून पाहिलं. दार लागलेलं होतं. कधी लागलं, ते कळलंही नाही.

पुढच्या अंगणातून बोलणं ऐकू येत होतं. “किती शांत हो तुमच्याकडे! घरात वडीलधारं कोणी नाही का?” कोणी बाई विचारत होत्या.

“नाही हो,” क्षिप्राचा आवाज आला. “आम्ही दोघंच.”

भाऊंनी हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक पाहुण्यांच्या कानी गेली, तरी दार उघडायला येणार ते दोघंच. त्यांनी दारावर तळहात फिरवला. स्क्रूचं एकही टोक हाताला लागलं नाही; ड्रिल लावणार तरी कुठे? मग त्यांनी खांदा लावून दार ढकललं, सगळा जीव एकवटून.

काम भाऊंच्या हातचं होतं. दार सूतभरही हललं नाही.