रविवारसाठी कॅमेरा

"हा नको." भीमाबाईंनी कॅमेरा काचेवरून परत सरकवला. "केवढी बटणं! आम्हाला काय विमान चालवायचंय?"

काउंटरमागच्या मुलीने तो मुकाट्याने खोक्यात ठेवला. "फोटो कशाचे काढायचेत?"

"घरातलेच," राजरत्न म्हणाला. "जेवताना, बसल्या-बसल्या. साधे."

"आणि रविवारी एका मुलीचा," भीमाबाई म्हणाल्या.

राजरत्नने आईवर डोळे वटारले. काही उपयोग झाला नाही. भीमाबाईंनी हेंद्रेपाड्यापासून उल्हासनगरपर्यंत रिक्षावाल्यालाही हे सांगितलं होतं. मुलगी अंबरनाथ पूर्वेची. स्थळ काशीमावशीने आणलेलं. राजरत्नचे वडील शंकरराव जिन्यावरून घसरल्यामुळे त्यांचा पाय प्लास्टरमध्ये. रविवारी ते येऊ शकणार नव्हते. मुलीकडून आलेला फोटो त्यांनी पाहिला आणि उलटा करून ठेवला. "ही मुलगी आहे का कॅलेंडर? तिचा साधा फोटो काढून आणा. मग बोलतो."

म्हणून कॅमेरा. दुकानही काशीमावशीनेच सुचवलेलं. "पण काउंटरवरच्या पोरीलाच विचारा," ती म्हणाली होती. "मालक महागातला गळ्यात मारेल."

मालक गल्ल्यावर बसून फोनवर सिंधीत कुणाशी तरी वाद घालत होते.

भीमाबाईंनी पर्समधून तो फोटो काढून काचेवर ठेवला. "हे बघ. असा नको यायला."

मागे रंगवलेला धबधबा. पुढे दागिन्यांनी लगडलेली मुलगी, चेहरा पिठात बुडवल्यासारखा. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, कळत नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीने चष्मा वर सरकवला आणि फोटो बराच वेळ पाहिला.

"फ्लॅश जास्त झालाय. नंतर कॉम्प्युटरवर चेहराही धुतलाय," ती म्हणाली. "मुलगी बरी असेल."

"असेल गं. पण दिसायला नको का?"

मुलीने खालच्या कपाटातून दोन छोटे कॅमेरे काढले. एक राजरत्नच्या हातात दिला, दुसरा स्वतःकडे ठेवला. "हे डेमोचे. बघा वापरून. घरी फोटो कोण काढणार?"

"आता हा. पुढे सून."

"सुनेच्या हातात द्याल?"

"मग काय कपाटात पुजायचाय?"

"आणि ती नोकरीला जात असेल, दिवसभर बाहेर असेल तर?"

"तर आम्ही म्हातारा-म्हातारी एकमेकांचे काढू. नाहीतरी दिवसभर एकमेकांची तोंडंच बघतो."

मुलगी पहिल्यांदा हसली.

"बिघडला तर?" तिने राजरत्नला विचारलं.

"मी उघडून बघेन."

"अजिबात देऊ नको याला," भीमाबाई म्हणाल्या. "मागे मिक्सर उघडून बघितला. नवा आणावा लागला."

राजरत्नने कॅमेरा मुलीकडे वळवला. तिने हात आडवा धरला. "माझा नको. आईंचा काढा."

स्टुलावर बसलेल्या भीमाबाई ताबडतोब ताठ झाल्या. हात गुडघ्यांवर, नजर समोर. राजरत्नने स्क्रीनवर पाहिलं आणि कॅमेरा खाली ठेवला. आईच्या चष्म्यावर बोटांचे ठसे होते. त्याने चष्मा तिच्या नाकावरून अलगद काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला. तोवर भीमाबाई डोळे बारीक करून त्याला शिव्या घालत होत्या, "नवा शर्ट आहे मेल्या!"

खटकन आवाज झाला.

"झूम बघत होते," मुलगी म्हणाली.

शेवटी पेन्सिल सेलवर चालणारा, सगळ्यांत कमी बटणांचा कॅमेरा ठरला. मुलीने सीलबंद खोकं काढून दिलं. "साधे सेल टाकू नका, लगेच संपतात. हे चार्जिंगवाले घ्या आणि शनिवारी रात्रभर लावून ठेवा. नाहीतर रविवारी ऐन वेळी बंद पडेल."

"आणि डेमोतले आमचे फोटो?" राजरत्नने विचारलं.

"पुसून टाकते."

परतीच्या रिक्षात भीमाबाईंनी खोकं मांडीवर धरलं होतं. "पोरगी सरळ आहे. एक वस्तू जास्तीची गळ्यात मारली नाही."

राजरत्नने मागे वळून दुकानाकडे पाहिलं. "आई, रविवारी नाही गेलो तर?"

"का?"

"मला तो धबधबा बघवत नाही."

भीमाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "दुकानातलीचं नाव विचारलंस?"

"नाही."

"मग गप बस. शब्द दिलाय. नाही पटलं तर चहा पिऊन परत येऊ."

रविवारी राजरत्नने नवा शर्ट घातला नाही. कॅमेरा मात्र घेतला, आईने दोनदा आठवण करून दिली म्हणून.

अंबरनाथला मुलीच्या वडिलांनी दार उघडलं. जय भीम झाला, पाणी आलं. राजरत्न फरशीकडे बघत बसला. नकार नीट शब्दांत कसा सांगायचा, याची तो मनात जुळवाजुळव करत होता.

"मुलाचा स्टुडिओतला फोटो काशीबाईंनी दिला होता," वडील म्हणाले. "पण आमच्या नीलिमाला स्टुडिओचे फोटो पटत नाहीत. दोन स्थळं तशीच परत पाठवली तिने. यावेळी तिने मुलाचा वेगळाच फोटो आणला." त्यांनी टीव्हीवरच्या छोट्या फ्रेमकडे बोट दाखवलं.

भीमाबाईंनी चष्मा सारखा केला. फ्रेममध्ये एक काचेचं काउंटर होतं. त्याच्यापुढे त्या स्वतः, डोळे बारीक केलेल्या, तोंड उघडं. शेजारी राजरत्न शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होता.

राजरत्न अर्धवट उठला. आतल्या खोलीचा पडदा हलला आणि ओळखीचा आवाज आला, "सेल रात्रभर चार्जिंगला लावले होते ना?"