एकशे बारा पापड

गच्चीवर पसरलेल्या जुन्या धोतरावर तांदळाचे एकशे बारा पापड होते. सात ओळी, एकेका ओळीत सोळा. सुविधानं दोनदा मोजले. गेले एकोणपन्नास दिवस हाच आकडा येत होता, कारण पापडही तेच होते. ते दुसऱ्याच दिवशी कडकडीत वाळले होते. एवढं मात्र सासऱ्यांना कळू द्यायचं नव्हतं.

भरमाआप्पांनी निपाणीच्या तंबाखू वखारीत पस्तीस वर्षं पोती उचलली होती. न्हाणीत घसरून पडल्यापासून ते आतल्या खोलीतच असत. रक्तात ड जीवनसत्त्व आठ निघालं. निदान वीस तरी हवं होतं. हाडं अशीच राहिली तर हातातली काठी सुटायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा तास ऊन घ्यायला सांगितलं. आप्पांनी गोळ्या घेतल्या. उन्हाचं नाव काढताच उसळले.

"मी काय बाळंतीण हाय, तेल लावून उन्हात शेकाय?"

सुविधा रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दुपारी एक ते रात्री नऊ, तळघरात. स्टुलावर बसून कंबर धरते, अशी तिची तक्रार असायची. तिनं वाद घातला नाही. पापड घातले.

"आप्पा, कावळ्यांनी लई उच्छाद मांडलाय. राखण करशीला?"

कामाला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी जिन्याच्या चौदा पायऱ्यांना नऊ मिनिटं लागली. आता दोन लागत. साडेदहाला बाह्या वर सारून ते बसायचे आणि अकराला ओरडायचे, "एकशे बारा! एक बी गेला न्हाय!"

त्यांचा चष्मा तेवढा सापडत नव्हता. त्यामुळं पेपर सुविधाला त्यांच्याशेजारी उन्हात बसून वाचून दाखवावा लागे. स्कार्फ गुंडाळून ती वाचायला लागली की आप्पा वैतागत.

"त्यो फडका काढ आधी. तोंडातल्या तोंडात काय बोलतीस?"

पन्नासाव्या दिवशी तिनं गच्चीवरच त्यांचं रक्त काढून घेतलं. मग राहवलं नाही.

"आप्पा, एक सांगू? ह्ये पापड..."

"तेच हायती. त्यो कड तुटलेला रोज मला जयभीम करतोय. वळख झालीया आमची."

सुविधाच्या हातातला कापूस खाली पडला. "मग रोज बसलासा कशाला?"

आप्पांनी बंडीच्या खिशातनं चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. मग त्याच खिशातनं घडी घातलेला एक कागद काढला.

"माझ्या रिपोर्टाच्या पाकिटात दोन कागद हुते. दुसरा तुझा. आकडा माझ्याहून खालचा, आन् घरात कुणाला पत्ता न्हाय. तुला ऊन घे म्हटलं असतं तर घेतलं असतंस व्हय?"

तिनं कागद घेतला, घडी उघडली आणि पुन्हा तशीच घातली.

"आता दुसरी सुई काढ. तुझं बी रगात घे."

दोन्ही निकाल दुसऱ्या दिवशी आले. भरमाआप्पा : आधी आठ, आता एकोणतीस. सुविधा : आधी सात, आता एकवीस.