पानभर देवमासा

पंधरा वर्षं समुद्रात भिजून आणि तीन कॅमेरे खाऱ्या पाण्यात बुडवून झाल्यावर, अखेर माझा देवमाशाचा फोटो एका नावाजलेल्या मासिकात पानभर छापून आला. अंक घरी आल्याचं आणि बाबा तो दुकानात घेऊन गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं आणि मी बोटीवरून उतरलो तो थेट बाबांच्या टेलरिंगच्या दुकानात गेलो. "कधीतरी धड काहीतरी कर" म्हणणाऱ्या बाबांचा चेहरा मला बघायचा होता.

बाबा मशीनवर कुणाच्या तरी पॅन्टची उंची कमी करत होते. त्यांनी मान वर न करताच कापडांवर ठेवलेल्या अंकाकडे बोट दाखवलं. मी ऐटीत पान उघडलं आणि माझा चेहराच पडला. देवमाशाचा डोळा जागेवर नव्हता. तिथे पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन कापून काढलेला होता, कडा अगदी सरळ, सराईत कात्रीच्या.

"बाबा, अहो या एका डोळ्यासाठी मी अकरा दिवस पाण्यात होतो! कापलात कशाला?"

"त्याच पानाच्या मागच्या बाजूला तुझा फोटो होता."

त्यांनी खिशातून पाकीट काढून उघडलं. परिचयाच्या चार ओळींशेजारी छापलेला माझा दाढी वाढलेला चेहरा आत नीट बसवलेला होता.

"पण लोक मासा बघायला अंक घेतात हो!" मी कळवळून म्हणालो.

बाबांनी पाकीट पुन्हा खिशात ठेवलं.

 

"तुला पंधरा वर्षांनी का होईना, मासा दिसला. मला तू कुठे दिसतोस?"